वाढवलं

आमच्या घरात दुकान कधीच बंद झालं नाही. चौसाळ्याला हमरस्त्यालगत वडिलांचं किराणा दुकान होतं. दिवस मावळला की फळ्या लागायच्या, कुलूप लागायचं, आणि तरीही ते बंद व्हायचं नाही. ते वाढवलं जायचं. लहानपणी मी एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "दुकान बंद झालं, उद्या या," तर वडिलांनी त्याच्यासमोरच माझा कान पिळला. "बंद म्हनू न्हाई. वाढवलं म्हनायचं." बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. मंगळसूत्र तुटलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. देवापुढचा नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. जे जे संपतं, तुटतं, फुटतं, ते सगळं आमच्या भाषेने वाढीच्या खात्यावर टाकलेलं आहे. पुढे मी सी.ए. झाले तेव्हा मला वाटायचं, एवढा खोटा ताळेबंद जगात दुसऱ्या कोणी लिहिला नसेल.

मी बीडला ऑफिस चालवते. माझ्या कामाचा बराचसा भाग असा, की परदेशी पैसा लागलेल्या कंपन्यांचे इथले हिशेब तिकडच्यांना वाचता येतील अशा पद्धतीने मांडून द्यायचे. लोक विचारतात, हिशेब तो हिशेब, त्यात इकडचं-तिकडचं काय? असतं. चौसाळ्याच्या बाजारात व्यापारी माणसाचं तोंड बघून विश्वास ठेवतो. समुद्रापलीकडून तोंड दिसत नाही. तिकडच्या कुणा म्हाताऱ्यांच्या पेन्शनीचा पैसा शिरूर कासारच्या माळावर येऊन पडायचा, तर तिकडे बसलेल्या माणसाला इथला कारखाना आणि दुसऱ्या कुठल्या खंडातला कारखाना एकाच पट्टीने मोजता आला पाहिजे. म्हणून बऱ्याच देशांनी मिळून नियम मानले. कुठेही जा, पळसाला पानं तीनच, असं ते आहे. मला ते नियम आवडतात. यंत्राचं आयुष्य किती ते ठरवायचं, दरवर्षी झीज धरायची, झाडावर लटकलेल्या फळाचीही आजच्या भावाने किंमत करायची. कुणाच्या रडण्याला त्यात जागा नाही.

मात्र या सगळ्या डोलाऱ्याच्या बुडाशी एक गृहीतक आहे, आणि ते मला कधीच पुरतं पचलं नाही. ते असं, की धंदा चालू आहे आणि चालू राहणार आहे असं धरून चालायचं. निदान पुढचं वर्षभर तरी. बंद पडल्याचा किंवा पडणार असल्याचा पक्का पुरावा समोर येत नाही तोवर तो चालूच. हे धरलं म्हणून यंत्राला किंमत, इमारतीला किंमत. नाहीतर सगळं भंगार. माणसं देवावर श्रद्धा ठेवतात, आम्ही 'चालू'वर ठेवतो.

शिरूरच्या पलीकडे माळावर एका परदेशी कंपनीने सीताफळाच्या गराचा कारखाना काढला होता. आमच्या डोंगरातलं सीताफळ गोडीला लई, म्हणून ते गर काढून, गोठवून बाहेर पाठवणार. उद्घाटनाला कंपनीच्या परदेशी बाई आल्या होत्या. चार-सहा देशांत लावलेल्या पैशावर नजर ठेवणं हे त्यांचं काम. उंच, पाठ ताठ, आणि प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्या. माइकवरून पुकारा झाला, "आता पाहुण्यांच्या हस्ते नारळ वाढवण्यात येईल." पुण्याहून आलेला कंपनीचा साहेब, इंग्रजी शाळेत वाढलेला, त्याने त्यांना इंग्रजीत शब्दाला शब्द लावून सांगितलं. बाई नारळ हातात धरून उभ्याच राहिल्या. हा वाढवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दगडावर आपटा. मग सगळा प्रकार समजावून सांगितला: दुकान, बांगडी, मंगळसूत्र. त्या हसल्या नाहीत. "वा-ढ-व-ला," असा तो शब्द त्यांनी तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, हे लक्षात ठेवायला हवं. मला बरं वाटलं. हिशेबाच्या धंद्यात असा माणूस क्वचित भेटतो.

कारखान्याची राखण एका जोडप्याकडे होती. नवरा वॉचमन, बायको झाडलोट करायची. फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत दोघं राहत. मूलबाळ नव्हतं. नवरा कमी बोलणारा, हडकुळा, आधी ऊसतोडीला जायचा. तेव्हाच कोयत्याने त्याच्या उजव्या पायाची करंगळी गेलेली. गर ठेवायच्या थंड खोल्यांत चपला घालून जायचं नाही असा नियम होता. बाकीचे मोडायचे, हा मोडत नसे. दाराबाहेर चपला काढायचा, अनवाणी आत जाऊन गारव्याचा काटा बघायचा आणि ओल्या पावलांनी बाहेर यायचा. त्याची पावलं फरशीवर उमटत, उजव्याला चारच बोटं. मी एकदा चेष्टेने म्हटलं होतं, "तुम्ही चोरी केली तर लगेच सापडाल." तो म्हणाला, "म्हनून तर करीत न्हाई, ताई."

पुढे फळाने दगा दिला. एका साली पाऊस नाही, दुसऱ्या साली होतं ते झाडावरच काळं पडून गळालं. गर निघेना. कामगार पांगले. वॉचमन म्हणाला, हातावर हात ठेवून किती दिवस बसू. बायकोला राखणीला ठेवून तो टोळीबरोबर उसाला गेला, खाली कर्नाटकात. पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, टोळी परत आली, तो आला नाही. टोळीतले म्हणाले, कालव्याला पानी प्यायला उतरला, वर आलाच न्हाई. शोधलं, हाका मारल्या, पोलिसात सांगितलं. कालव्याने काही परत दिलं नाही.

आम्ही सगळे तिला वॉचमनची बायको म्हणायचो, आणि वॉचमन नसतानाही तेच म्हणत राहिलो. ती तशीच राहिली. कपाळभर कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या.

कंपनीने कारखाना सोडला नव्हता. पुन्हा हंगाम येईल या आशेवर एक थंड खोली चालू ठेवायची असं ठरलं, म्हणजे यंत्र जाम होणार नाही. खोलीत ठेवायला काहीच नव्हतं. रिकामी खोली गार करायची, एवढंच. वर्षातून एकदा मी जाऊन सगळं डोळ्यांनी बघून यायचे आणि कारखाना चालू धरावा की नाही याबद्दल चार ओळी लिहायचे. निर्णय कंपनीचा, पण इथलं खरं-खोटं सांगणारी मीच होते.

त्या वर्षी मी गेले ती ऐन उन्हाच्या भरात, भर दुपारी. आमच्याकडे बाराच्या उन्हात माळावर फिरू नये म्हणतात; रात्रीपेक्षा ती वेळ वाईट असते, सावल्या पायाखाली शिरतात. मी देवभोळी नाही. मला फक्त गाडीचं स्टिअरिंग चटके देत होतं त्याचा राग आला होता. फाटक उघडंच होतं. आवारात एक चिमणी नाही, कुत्रं नाही. तेवढा यंत्राचा आवाज येत होता, एका सुरात, घरघर.

थंड खोलीच्या दाराबाहेर चपलांचा जोड होता. जुना, टाचेला झिजलेला, टोकं दाराकडे. म्हणजे कुणीतरी नुकतंच काढून आत गेलं असावं तसा. शेजारी पाण्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं.

मला वाटलं यंत्रवाला मिस्त्री आला असेल. मीही चपला काढल्या, दार ओढलं आणि आत गेले. आत कुणी नव्हतं. गार वाफ तेवढी अंगावर आली. दिवा लावला तर फरशीवर पावलं. ओली, ताजी, दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत गेलेली. भिंतीपाशी संपलेली. परतीची नव्हती.

मी स्वतःला सांगितलं, वरच्या पंख्यातून पाणी ठिबकतं, ते पसरलं असेल. मग खाली वाकून बघितलं. थेंबाला बोटं नसतात. डाव्या पावलाला पाच होती, उजव्याला चार.

मी बाहेर आले तेव्हा माझे दात वाजत होते, आणि ते गारठ्याने वाजत नव्हते. भीती वाटली असं सरळ लिहिते. इतकी वर्षं दुसऱ्यांची कोठारं तपासली, गोदामात साप बघितले, मालकांच्या धमक्या ऐकल्या, पण अशी कधी भ्याले नव्हते. आणि भीती वाटली की मी चिडते, हा माझा स्वभाव. वॉचमनची बायको फाटकाजवळच्या लिंबाखाली तांदूळ निवडत बसली होती. तिच्यावरच ओरडले, "या चपला इथे कुणी ठेवल्या?"

"त्यायच्या हायेत," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे. ठेवल्या कुणी?"

"मी हात लावत न्हाई, ताई. मी फकस्त पानी ठिवते. सकाळी तांब्या रिकामा असतोय."

"मांजर पीत असेल."

"फुलपात्र पालथं घालून?"

तिने मला बसायला पोतं अंथरलं. माझा चढलेला सूर तिने मनावर घेतला नाही. म्हणाली, "तुमी भिऊ नका. ते कुनाला काई करीत न्हाईत. गरमीचा लई तरास हुता त्यायला. उसाच्या फडात भाजून निघायचे. हितं गार हाय, म्हनून हितं आलेत." ती हे असं सांगत होती, जसं कुणी आपला माणूस बीडला दवाखान्यात आहे हे सांगावं.

मग तिनेच विचारलं, "तुमी दरसाली येऊन काय लिवून न्हेता?"

मला समजावून सांगावंसं वाटलं. बोलत राहिलं की भीती कमी होते, हेही एक कारण. मी म्हटलं, "हा कारखाना चालू आहे की बंद, ते सांगायचं असतं."

"माल तर न्हाई. मग चालू कसा?"

"आमच्यात तसा नियम आहे. चालू आहे असंच धरून चालायचं. बंद पडल्याचा पक्का पुरावा मिळाला तरच बंद म्हणायचं. तोवर चालू."

तिचा हात तांदळात थांबला. "म्हंजी डोळ्याला दिसलं न्हाई, तरी चालूच धरायचं?"

"हो."

"हे परदेशातल्या लोकायनी ठरवलंय?"

"बऱ्याच देशांनी मिळून."

तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मग आमच्या घरच्यायला येवढं सांगा की, ताई."

तिच्या दिराच्या मुलीचं लग्न ठरत होतं. ज्या घरात एक माणूस मेलाही नाही आणि जिताही नाही, त्या घरात मुहूर्त कसा धरावा, असा घरच्यांना पेच. ते वाईट नव्हते. तिला सणासुदीला धान्य आणून द्यायचे. पण थोरांनी ठरवलं होतं की पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावा घालायचा आणि प्रकरण मिटवायचं. मग हिच्या बांगड्या वाढवायच्या. ज्या पळसाची म्हण मी लोकांना ते नियम समजावताना वापरते, त्याच्याच पानांचा माणूस इथे होणार होता.

"मी म्हनले, कावून करायचं? मानूस हाय. फकस्त तुमाला दिसंना." ती म्हणाली. "हितलं यंत्र बंद पडलं, तर ते कुठं जातील मग? म्हनून ईचारते, तुमी चालूच लिवनार न्हवं?"

तिला काय हवं होतं ते मला तेव्हा लख्ख कळलं. तिला माझ्याकडून नवरा चालू धरून हवा होता. आणि तो जिथे होता ती जागा माझ्या चार ओळींवर उभी होती.

मी उठता उठता तिने आणखी एक गोष्ट सांगितली, न विचारता. "जाताना ते म्हनले, येतो. सगळेच तसं म्हनतेत. जातो म्हनून कुनी जातंय का? पर म्या 'या' म्हनले न्हाई. जाऊ नका म्हनून भांडले हुते, तोंड फिरवून बसले. ते फाटकात उभं राहिले वाईच. मग गेले." तांदूळ पाखडत म्हणाली, "तवाधरनं ते 'या' म्हनायचं ऱ्हायलंय."

त्या वर्षी मी कारखाना चालू धरला. तसं म्हणायला कारणंही होती. कंपनीची पुढच्या हंगामाची तयारी होती, पैसा द्यायची कबुली होती, नियमात बसत होतं. पण माझ्यावर कुणी उगाच मेहेरबानीचा शिक्का मारू नये म्हणून सांगते, ती तिथे तशी बसलेली नसती तरी मी तेच लिहिलं असतं. एवढं खरं, की लिहिताना मला ती चार बोटं दिसत होती.

पुढचं साल कसंबसं गेलं. फळ आलं, पण थोडं, आणि जे आलं ते व्यापाऱ्यांनी बागेतूनच उचललं. गराला काही उरलं नाही. परदेशातून निरोप आला की यंदा बाईंना यंत्र चालू असलेलं प्रत्यक्ष बघायचं आहे. त्या येणार नव्हत्या, फोनवरून दाखवायचं. हल्ली हे असंच असतं. मी माळावर जायचं, फोन धरून फिरायचं, त्या आपल्या देशात चहा पीत बघणार. पुण्याचा साहेब पुण्यातून जोडला जाणार.

मी गेले तेव्हा पुन्हा दुपारच होती. फाटकातच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. गाडीतून उतरले, दार लावलं, आणि त्या दाराचा आवाज आवारभर घुमला तेव्हा कळलं. घरघर नव्हती. यंत्र बंद होतं. त्या जागेची शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते.

थंड खोलीचं दार सताड उघडं. फरशी कोरडी ठणठणीत, आत बाहेरच्याइतकंच गरम. बाहेर चपलांचा जोड होता, पण टोकं आता फाटकाकडे होती. शेजारचा तांब्या काठोकाठ भरलेला, फुलपात्र जसंच्या तसं पालथं.

वॉचमनची बायको पायरीवर बसली होती. मी तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी हातांकडे बघितलं. मनगटं उघडी होती. एका मनगटावर बारीक ओरखडा, त्यावर वाळलेलं रक्त.

"घरच्यांनी केलं का?" मी विचारलं.

"न्हाई ताई. कुनीच न्हाई. माजं मीच. यंत्राचं बटन बी मीच दाबलं." तिने चपलांकडे बोट केलं. "सकाळी बगितलं तर तोंड फिरलेलं. पान्याला हात न्हाई लावला. जायला निगालेत ते. मी धरून ठिवलंय म्हनून खोळंबलेत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीच म्हनला हुता, पक्का पुरावा मिळंस्तोवर. मिळाला."

मी तिच्या शेजारी त्या तापलेल्या पायरीवर बसले. रडू आलं मला, आणि कशासाठी ते नीट सांगता येत नाही. मी तिला वर्षभरापूर्वी एक नियम शिकवला होता, आणि तिने तो माझ्याहून प्रामाणिकपणे पाळला होता.

तेवढ्यात फोन वाजायला लागला.

मीटिंगमध्ये आता एक सोय आली आहे. कुणी बोललं की त्याच्या चौकटीखाली ते आपोआप उमटतं, वरची ओळ मराठीत, खालची इंग्रजीत. पुण्याचा साहेब या सोयीवर भारी खूश. त्याला आता भाषांतर करावं लागत नाही. एका चौकटीत तो, एकीत परदेशी बाई, केस आता पांढरे झालेल्या, आणि एकीत आम्ही दोघी, मागे फाटक. मी काही सांगायच्या आत साहेबाने वॉचमनच्या बायकोला विचारलं, "काय मावशी, सगळं चालू आहे ना?"

ती फोनकडे बघून शांतपणे म्हणाली, "वाढवलं, साहेब. आज सगळं वाढवलं."

ओळ उमटली. वर तिचे शब्द, नीट. खाली इंग्रजीत, की आज सगळ्यात वाढ केली आहे.

साहेबाचा चेहरा खुलला. तो इंग्रजीत सुरू झाला: बघा, न सांगता काम वाढवलंय, जागेवरची माणसं किती जीव लावून करतात, आता चालू धरायला काहीच अडचण नाही. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, याची राख विकली असती. मी एक शब्दही न बोलता बसले असते, तर तो बंद पडलेला कारखाना आणखी एक वर्ष जगभरच्या पट्टीवर सुखाने चालला असता.

परदेशी बाई पडद्याजवळ वाकल्या होत्या. तिच्या हातांकडे बघत असाव्यात. मग त्यांनी मला इंग्रजीत हळूच विचारलं, "नारळासारखं?"

इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "हो. नारळासारखं."

त्यांनी डोळे मिटले. साहेब गोंधळून कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघू लागला. मी त्याला मराठीतच सांगितलं की यंत्र बंद आहे, खोली गार नाही, आणि यापुढे हा कारखाना चालू धरता येणार नाही. मी तसंच लिहिणार आहे. तो काहीतरी बोलायला गेला, परदेशी बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्याने आपला माइक बंद केलेला मला दिसला. मग कुणीच काही बोललं नाही. माळावर ऊन होतं. वारा नव्हता, लिंबाचं पान हलत नव्हतं.

आणि आमच्या चौकटीखाली एक ओळ उमटली.

वॉचमनची बायको बोलली नव्हती. ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती, तिचे ओठ मिटलेले होते. मी बोलले नव्हते. मला कसलाही आवाज ऐकू आला नव्हता. तरी वरच्या ओळीत मराठीत एकच शब्द होता, आणि खाली इंग्रजीत त्याचा अर्थ, की मी येत आहे.

परदेशी बाईंनी विचारलं, "कोण येतंय?"

मी वरची ओळ पुन्हा वाचली. आम्ही दोघी बायका. आम्ही 'येते' म्हणतो. तिथे 'येतो' होतं.

वॉचमनच्या बायकोने माझ्याकडे बघितलं. "काय उमटलं, ताई?"

तिच्यापासून ते लपवायचा मला काय अधिकार होता? मी म्हटलं, "येतो."

ती लगबगीने उठली. पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी नीट केला. त्या रिकाम्या फाटकाकडे तोंड करून उभी राहिली, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "या."

तेही पडद्यावर उमटलं, वर मराठीत, खाली इंग्रजीत, की आत या. आणि परदेशी बाई कोण येतंय म्हणून फाटकाकडे बघत राहिल्या.